मेंदूचा टीबी : दोन आठवड्यांच्या तापाला साधा ताप समजू नका

टीबी म्हटले की खोकून खोकून खंगलेला मोठा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. वस्तीत टीबी कोणाला नवा नाही. पण हाच टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो आणि तो लहान मुलांना जास्त गाठतो, हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. डॉक्टर त्याला टीबी मेनिंजायटिस म्हणतात, लोक मेंदूचा टीबी किंवा मेंदूज्वर म्हणतात. टीबीच्या शंभर रुग्णांत साधारण एखाद्यालाच तो होतो. आजार तसा दुर्मिळ आहे, पण टीबीच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत घातक आहे.

लहान मुलांवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उपचार मिळूनही पाचांतले एक मूल दगावते, असे दिसले. वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना काही ना काही अपंगत्व राहते. ज्यांचे निदान उशिरा झाले त्यांचे हाल सर्वांत जास्त. उपचार लवकर सुरू झाले तर मूल पूर्ण बरे होण्याची आशा खूप वाढते. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. या आजारात सगळा फरक पहिल्या दोन-तीन आठवड्यांनी पडतो, आणि नेमके तेच आठवडे आपल्या वस्तीत वाया जातात.

जंतू मेंदूपर्यंत कसा जातो

टीबीचा जंतू हवेतून येतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. मूल ती हवा श्वासात घेते. बहुतेकांच्या शरीरात जंतू दबून राहतो. पण पाच वर्षांखालचे मूल, त्यातही दोन वर्षांखालचे, कुपोषित मूल, एचआयव्ही असलेली व्यक्ती, मधुमेही किंवा दारूने शरीर पोखरलेला माणूस यांची ताकद कमी पडते. मग जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणात जाऊन बसतो.

मेंदूज्वर इतर जंतूंनीही होतो. न्यूमोकोकस, हिब, मेनिंगोकोकस या जंतूंचा मेंदूज्वर अचानक येतो. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत कडक ताप, असह्य डोकेदुखी, ताठ मान आणि गुंगी येते. तिथे तासाचाही उशीर नको, १०८ ला फोन करून मोठे रुग्णालय गाठायचे. टीबीचा मेंदूज्वर मात्र हळूहळू येतो, म्हणून तो फसवतो.

पहिले तीन आठवडे

सुरुवातीला बारीक ताप असतो, बहुतेकदा संध्याकाळचा. भूक मंदावते, वजन उतरते. मूल खेळायचे सोडते, कोपऱ्यात बसते, चिडचिड करते. मोठे मूल डोके दुखते म्हणते. पोटात काही नसताना सकाळी उलटी होते. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष नसते हिचे. मोठ्या माणसातही असेच होते. तो विसरायला लागतो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या टप्प्यात मान ताठ होते, मान पुढे वाकवली की मूल रडते. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. डोळा तिरळा होतो, पापणी खाली पडते, फिट येते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. शेवटच्या टप्प्यात रुग्ण हाक मारली तरी उठत नाही.

एका वस्तीतली सहा वर्षांची मुलगी आम्हाला आठवते. पहिला आठवडा तापाचे औषध चालले. दुसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या डॉक्टरने टायफॉइड सांगून सलाइन लावले. चार दिवस उतार वाटला, मग पुन्हा ताप आला. काही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूवर थोडेफार चालतात, त्यामुळे तात्पुरते बरे वाटते आणि रोग झाकला जातो. तिसऱ्या आठवड्यात मुलगी रात्री ओरडून उठायला लागली, कोणाला ओळखेना. आजी म्हणाली, “बाहेरचं लागलंय पोरीला, उतरवून आणू.” लिंबू झाले, अंगारा झाला. चौथ्या आठवड्यात फिट आली, तेव्हा रुग्णालय दिसले. त्या घरात आजोबा तीन महिन्यांपासून खोकत होते. त्यांना दवाखान्यात न्यावे, हे कोणाच्या मनात आले नव्हते.

ही गोष्ट आम्ही त्या कुटुंबाला दोष द्यायला सांगत नाही. हातावर पोट असलेल्या आईला मोठ्या रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. पण दीक्षाभूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला ज्या मार्गावर आणले, तिथे प्रत्येक गोष्टीला कारण असते असे मानले जाते. कारण शोधायचे, कारण दूर करायचे. मुलीच्या ओरडण्यामागे तिच्या मेंदूला आलेली सूज होती. घरात बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो आणि अडचण आली की भगताचा दरवाजा, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

खूण एवढीच लक्षात ठेवा. दोन आठवड्यांच्या आसपास ताप, आणि सोबत डोकेदुखी, उलटी, सुस्ती किंवा स्वभावात बदल यांपैकी काहीही असेल, तर गल्लीतला दवाखाना पुरे झाला. मोठ्या सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, “हा मेंदूचा टीबी असू शकतो का?” घरात किंवा शेजारी कोणाला टीबी असेल, कोणी खोकत असेल, तर तेही न लपवता सांगा. डॉक्टरला निदानाकडे नेणारा तो मोठा धागा असतो. मान ताठ होणे, फिट, गुंगी यांपैकी काही दिसले, तर दिवस मोजत बसू नका, त्याच क्षणी निघा.

पाठीतल्या पाण्याची भीती

रुग्णालयात डॉक्टर सांगतात की पाठीतून पाणी काढून तपासावे लागेल. इथे निम्मे नातेवाईक मागे सरतात. “पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो,” असे कोणीतरी सांगितलेले असते. काही जण सही न करता रुग्णाला घरी घेऊन जातात.

खरे काय ते समजून घ्या. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसात तो साधारण दीडशे मिलिलिटर असतो, आणि शरीर रोज सुमारे पाचशे मिलिलिटर नवा तयार करते. तपासणीला त्यातले थोडेसेच काढतात, ते काही तासांत भरून येते. सुई कमरेच्या खालच्या भागात, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो, तिथे घालतात. त्यामुळे मज्जारज्जूला सुई लागण्याचा प्रश्न येत नाही. एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते. मेंदूवरचा दाब धोक्याचा वाटला तर डॉक्टर आधी स्कॅन करून मग ठरवतात. ज्यांचा हात-पाय लुळा पडला, त्यांचा रोगाने पडला, सुईने नाही.

या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात. त्यामुळे सीबीनॅटसारखी चांगली तपासणीही कधी कधी निगेटिव्ह येते. तरी पाण्यातल्या पेशी, साखर, प्रथिने, मेंदूचा स्कॅन आणि घरातला टीबीचा इतिहास हे सगळे जुळवून डॉक्टर औषध सुरू करतात. “रिपोर्टमध्ये टीबी नाही, मग औषध का?” म्हणून भांडू नका. इथे वाट बघणे औषधापेक्षा महाग पडते.

मेंदूत काय बिघडते

या आजारात मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट पू साचतो. बहुतेक गुंतागुंत त्याच्यामुळे होते.

पहिली म्हणजे मेंदूत पाणी साचणे. पाणी वाहण्याची वाट बंद होते, मेंदूतल्या पोकळ्या फुगतात आणि दाब वाढतो. काहींना औषधाने उतार पडतो, काहींना ऑपरेशन करून बारीक नळी बसवावी लागते. तिला शंट म्हणतात. ती मेंदूतले जास्तीचे पाणी त्वचेखालून पोटात नेऊन सोडते. नळी पुढे तुंबू शकते, तिच्यात जंतू शिरू शकतात. म्हणून शंट असलेल्या मुलाला पुन्हा डोकेदुखी, उलटी, सुस्ती किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे.

दुसरी म्हणजे लकवा. पुवातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजून अरुंद होतात आणि मेंदूच्या भागाला रक्त मिळत नाही. म्हणून लहान मुलालाही म्हाताऱ्या माणसासारखा अर्धांगवायू होतो.

तिसरी म्हणजे नजर आणि ऐकू येणे. डोळ्यांच्या आणि कानांच्या नसा त्याच तळातून जातात. तिरळेपणा, अंधुक दिसणे, क्वचित पूर्ण अंधत्व, बहिरेपण येऊ शकते. याशिवाय फिट येणे, रक्तातले मीठ म्हणजे सोडियम घसरणे, मेंदूत टीबीच्या गाठी होणे, आणि पुढे शिकण्यात, बोलण्यात, वागण्यात अडचण येणे हेही घडते.

वर सांगितलेली मुलगी वाचली. तिला शंट बसला आणि तिचा उजवा हात अजून अशक्त आहे. आज ती डाव्या हाताने लिहिते.

औषध : वर्षभराची वाट

फुप्फुसाच्या साध्या टीबीला सहा महिने लागतात. मेंदूच्या टीबीला किमान नऊ महिने, पुष्कळदा बारा महिने औषध लागते. सुरुवातीला चार औषधे असतात, पुढे कमी होतात. सोबत सहा ते आठ आठवडे सूज उतरवणारे स्टेरॉइड देतात. ते हळूहळू कमी करायचे असते, मनाने एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते.

लघवी नारिंगी-लाल होईल, ते औषधामुळे आहे, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, अन्नावरची वासना उडाली, तर यकृताला त्रास होत असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. रंग ओळखताना चूक होत असेल, नजर कमी वाटत असेल, तर लगेच सांगा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणींनी लक्षात ठेवावे की या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसरा उपाय नर्सला किंवा डॉक्टरला विचारून घ्या.

काही रुग्णांना औषध चालू असताना काही आठवड्यांनी पुन्हा ताप, डोकेदुखी, फिट सुरू होतात. घरचे म्हणतात औषध बाधले, आणि बंद करतात. मरणाऱ्या जंतूंविरुद्ध शरीर जोरात झगडते, त्यातूनही असे होऊ शकते. रुग्णालयात न्यायचे, पण औषध आपण होऊन थांबवायचे नाही. मध्येच सोडलेले औषध म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी, आणि तो मेंदूत असेल तर सुटका फार अवघड.

औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. खासगी डॉक्टरकडे उपचार असले, तरी रुग्णाची नोंद निक्षयवर करणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते पाचशे होते. पैसे आले नाहीत तर केंद्रात आधार आणि बँक खात्याची नोंद तपासून घ्या. टीबीची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे. शंटच्या ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. उसनवारी त्यानंतर.

घरची सेवा

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. मग भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. परिचारिकेचे सगळे काम त्या प्रसंगात आहे. घरीही तेच करायचे आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला. पाठ, नितंब, टाचा रोज बघा, लालसर दिसले तिथे भार पडू देऊ नका. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, दूध ओतू नका, ते फुप्फुसात जाते. नळीने भरवताना डोके आणि छाती उंच ठेवा, भरवल्यावर अर्धा तास तसेच राहू द्या. सांधे दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने हलवा, नाहीतर ते आखडतात. फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचे कठीण सामान दूर करा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालय.

ही सेवा एकट्या आईच्या किंवा सुनेच्या अंगावर टाकू नका. घरातल्या पुरुषांनी कूस बदलायला, औषधाची वेळ सांभाळायला शिकावे.

आणि ताट-वाटी वेगळी करू नका. मेंदूत असलेला टीबी दुसऱ्याला लागत नाही, रुग्णाला फुप्फुसाचाही टीबी असेल तरच खबरदारी लागते. फुप्फुसाच्या टीबीतही भांडी वेगळी करण्याची गरज नसते. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या टीबी संशोधन केंद्राने दाखवून दिले की दाटीच्या, गरीब घरात राहून नियमित औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागणही होत नाही. ज्यांच्या पूर्वजांना वेगळ्या भांड्यांतून पाणी प्यावे लागले, त्यांनी आपल्या आजारी माणसाला वेगळे ताट लावू नये.

घरातल्या बाकीच्यांचे काय

लहान मुलाला मेंदूचा टीबी झाला, म्हणजे आसपास कोणीतरी मोठा माणूस खोकतो आहे. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. ज्यांना टीबी नाही असे दिसेल, त्यांना तो होऊ नये म्हणूनही मोफत औषध मिळते. फुप्फुसाचा टीबी असलेल्या माणसाच्या घरातील पाच वर्षांखालच्या मुलाला ते मिळालेच पाहिजे. मूल ठणठणीत दिसते, मग गोळी कशाला, असे म्हणू नका. या गोळ्या दबलेला जंतू उठण्याआधीच मारतात.

बाळ जन्मले की बीसीजीची लस द्या, राहून गेली असेल तर वर्षाच्या आत द्या. बीसीजी मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून फारसे वाचवत नाही, पण लहान मुलाला मेंदूच्या टीबीपासून चांगले संरक्षण देते. हिब आणि न्यूमोकोकसच्या लसीही सरकारी वेळापत्रकात मोफत आहेत. लसीकरणाचे कार्ड घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा.

अपंगत्व आले तर

वाचलेल्या मुलाला कोपऱ्यात झाकून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आजार हा कोणाच्या कर्माचा भोग नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. फिजिओथेरपी, कानाची आणि डोळ्यांची तपासणी चालू ठेवा. लहान मेंदू बरेच काही पुन्हा शिकतो, पण त्याला रोजचा सराव लागतो.

विहाराने काय करावे

आपल्याच वस्त्यांत टीबी जास्त का? गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झाला. एकमेकींना चिकटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, तिथे टीबी जास्त आढळला. म्हणजे हा प्रश्न औषधाइतकाच घराच्या खिडकीचाही आहे. पुनर्वसनाच्या बैठकीत दोन इमारतींमधले अंतर आणि खेळती हवा यांवर बोला. तो आपला हक्क आहे.

तोपर्यंत विहाराने एवढे करावे. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे काढून विचारावे, कोणाच्या घरी दोन आठवड्यांपासून ताप आहे? कोण खोकते आहे? कोणाचे औषध मध्येच सुटले? कोणत्या बाळाची बीसीजी राहिली? महिला मंडळातल्या दोघींनी अशा घरी जाऊन यावे, आशाताईला कळवावे, आणि गरज पडली तर त्या आईबरोबर रुग्णालयात जावे. रांगेत एकटी बाई थकते, सही करायला घाबरते. सोबत कोणी असेल तर ती मागे फिरत नाही.

जय भीम.